डबल चिनचं इंजेक्शन घेण्याआधी एवढं वाच

अगं, घाई नको करूस. आधी हनुवटीखाली चिमटीत धरून बघ, हाताला चरबी लागतेय की नुसती सैल कातडी, कारण हे डीऑक्सिकोलिक ॲसिडचं इंजेक्शन फक्त चरबीच्या पेशी फोडतं, कातडी घट्टबिट्ट काही करत नाही. आपल्या पित्तात चरबी पचवायला असतं ना, तेच हे ॲसिड. अमेरिकेत २०१५ मध्ये कायबेला नावाने एफडीएची मंजुरी मिळाली, तीही फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी.

आणि "एक इंजेक्शन" असं काही नसतं हं! पेनाने एकेक सेंटीमीटरवर ठिपके काढतात, अगदी रांगोळीसारखे, आणि प्रत्येक ठिपक्यावर सुई. एका सिटिंगला ५० पर्यंत टोचतात, मग निदान महिनाभर गॅप, जास्तीत जास्त ६ सिटिंग. म्हणून पैसे पूर्ण कोर्सचे विचार, मला एका क्लिनिकने एकाच सिटिंगचा रेट सांगून गंडवलं होतं.

सूज येते, म्हणजे चांगलीच येते. दुसऱ्या दिवशी मी बेडकासारखी दिसत होते, भर उन्हाळ्यात गळ्याला ओढणी गुंडाळून ऑफिसला गेले. घरात लग्नकार्य जवळ असेल तर आत्ता विसरच. थोडा बधिरपणा राहतो, पण हसताना ओठ वाकडा होतोय किंवा गिळायला त्रास होतोय असं वाटलं तर लगेच डॉक्टरला फोन कर, ओठ वाकडा होत असेल तर जबड्याजवळची नस दुखावलेली असू शकते.

पार्लरमध्ये अजिबात नाही. ऑनलाइन बाटली मागवून घरी टोचून घेणं तर नकोच नको. स्किनचा डॉक्टर नाहीतर प्लास्टिक सर्जन, आणि थायरॉइडची गाठबिठ नाही ना तेही त्यांच्याकडून आधी बघून घे.