मेंदीचं कुंपण आणि 5 लाखांचा हप्ता

प्रश्न: मी 62 वर्षांचा, पत्नी 59. खासगी कंपनीतून निवृत्त. नाशिकला गंगापूर रोडला छोटा बंगला आहे. भोवती मेंदी आणि दुरांताचं कुंपण, फाटकावर बोगनवेल. जवळचा माळी आठवड्याला एक फेरी मारायचे महिना 3,000 मागतो. एक एजन्सी वर्षाचे 30,000 आगाऊ घेते. की 6,000 चं विजेवरचं कटर आणून शिडी लावून मीच छाटू? घरखर्च 35,000. पेन्शन 5,000, दुकानाच्या गाळ्याचं भाडं 12,000 आणि 40 लाखांच्या एफडीचं व्याज 23,000 येतं. तसं भागतं. पण गेल्या वर्षी बँकेतल्या मॅनेजरनी हमी उत्पन्नाची विमा योजना दिली. वर्षाला 5 लाख, 10 वर्षं भरायचे, 12 वर्षं पूर्ण झाल्यावर 10 वर्षं दरसाल 9 लाख, करमुक्त. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, म्हणून हात आखडता घेतलाय. मेडिक्लेमही त्यामुळेच राहिला.

उत्तर: माळी लावा. कटर आणू नका. या वयात, मेडिक्लेम नसताना शिडीवर चढून दोन्ही हातांत चालू यंत्र धरायचं, हा विचारच सोडा. खुब्याचं एक ऑपरेशन माळ्याच्या कित्येक वर्षांच्या पगाराइतकं होईल. एजन्सीचे 30,000 महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसतात, पण आगाऊ पैसे गेले की माणूस यावा म्हणून तुम्हीच फोन करत बसणार. माळ्याला महिना संपल्यावर पैसे द्या. छाटलेला पाला उचलून नेणं त्याच पैशात, हे आधी बोलून घ्या. पावसाळ्यात दुरांता दोन-तीन आठवड्यांत मोकाट सुटते, उन्हाळ्यात महिना-दीड महिना हात लावला नाही तरी चालतं. म्हणून फेरीप्रमाणे दर ठरला तर आणखी बरं.

आता त्या हप्त्याकडे येतो. तुमचं पत्र वाचून मला झोंबलं ते तेच.

तुमच्याकडे 40 लाख आहेत. भरायचे राहिलेत 9 हप्ते, म्हणजे 45 लाख. एफडीचा शेवटचा रुपया काढला तरी शेवटच्या हप्त्याला पैसे नाहीत! सत्तरीच्या आतबाहेर एफडी संपेल आणि योजनेचा पहिला पैसा 73व्या वर्षी येईल. मधली वर्षं 17,000 वर काढणार का?

दर हप्त्याला 5 लाख मोडले की 7 टक्क्यांनी वर्षाचं 35,000 व्याज जातं. महिन्याला साधारण 3,000. म्हणजे प्रत्येक हप्ता भरताना तुम्ही एका माळ्याचा पगार कायमचा बंद करताय. दोन हप्त्यांतच आजची 5,000 ची शिल्लक संपेल.

बदल्यात काय मिळतं? 50 लाखांचे 90 लाख ऐकायला दुप्पट वाटतात. वर्षांचा हिशेब लावला की परतावा निघतो जेमतेम 5 टक्के. महागाई 6 टक्के धरली तर 73व्या वर्षीच्या 9 लाखांची किंमत आजच्या निम्मी. ‘करमुक्त’ म्हणून विकलं याचा मला जास्त राग येतो. तुमच्या उत्पन्नावर आजही कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवायला तुम्हाला 10 वर्षं बांधून घातलं.

‘भरलेले 5 लाख बुडतील’ ही भीती कळते. ते सगळे गेले असं धरून पुढच्या 9 हप्त्यांचा हिशेब केला, तरी परतावा सहा-सव्वासहा टक्क्यांवर जात नाही. शिवाय सगळे जाणारही नाहीत. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर वर्ष पुरं झाल्यावर सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, देणं कंपनीला भाग आहे. दुसरा हप्ता भरू नका. किती रक्कम मिळेल आणि कधी, हे कंपनीकडून लेखी घ्या, बँकेतल्या मॅनेजरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे होतं.

त्याच वेळी मूळ अर्जाची प्रत मागा आणि तुमचं वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. भाडं धरूनही वर्षाला 4.8 लाख उत्पन्न असलेल्या माणसाला 5 लाखांचा हप्ता मंजूर होत असेल, तर तिथे भलताच आकडा असण्याची दाट शक्यता आहे. तसा निघाला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे वकील लागत नाही.

आणि 40 लाखांचं काय करायचं? 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. एका व्यक्तीची कमाल मर्यादा तेवढीच आहे. सध्याच्या 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500, महिन्याला 20,500. खातं उघडताना असलेला दर 5 वर्षं बदलत नाही. मात्र एफडी मुदतीआधी मोडली तर दंड किती, ते आधी विचारा आणि ज्यांची मुदत जवळ आली आहे त्या आधी हलवा. उरलेले 10 लाख एफडीतच राहू द्या, महिन्याला 5,800. भाडं-पेन्शन धरून एकूण 43,000 च्या वर. आजच्यापेक्षा 3,000 जास्त, माळी त्यातच निघाला. पुढच्या वर्षी वहिनी साठीच्या झाल्या की त्यांच्या नावे वेगळं खातं उघडता येईल.

मेडिक्लेम मात्र याच महिन्यात. दोघांचा मिळून 10 लाखांचा घ्या. हप्ता बहुधा वर्षाला 50-60 हजारांच्या घरात जाईल. महिन्याला साडेचार हजार धरलेत तरी 42,500 मध्ये घर, माळी आणि विमा बसतो. रक्तदाब, साखर काहीही असेल ते अर्जात लिहा. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं. ती वर्षं पॉलिसी घेतल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून गेलेलं एक वर्षही महाग पडलंय. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कवच सगळ्यांना मिळतं, पण तुम्हाला त्यासाठी आठ वर्षं आहेत.

हप्त्याची रक्कम खात्यातून आपोआप कापली जाणार असेल, तर ती सूचना उद्याच बँकेत जाऊन लेखी रद्द करा आणि पोच घ्या.