एकाच्या इशाऱ्यावर सारे बॉम्ब

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील हलकी बॉम्बफेकी विमाने रेल्वे यार्डावर नेम कसा धरीत, आणि पुलाऐवजी यार्डच का निवडले जाई?

उत्तर : इंग्लंडमधील वेदर्सफील्ड तळावरील अमेरिकेचा ४१६ वा बॉम्बर ग्रुप १९४४ मध्ये ए-२० हॅवॉक विमाने वापरीत असे. त्यांपैकी ‘जी’ प्रकाराच्या बंद नाकात मशीनगन असल्याने तेथे बॉम्बचा नेम धरणारा नेमबाज बसत नसे. म्हणून पुढे काचेच्या नाकाचे, नेमबाज असलेले विमान ठेवीत आणि त्याच्या पोटातून बॉम्ब सुटताना दिसताच मागचे वैमानिक आपापले, बहुधा ५०० पौंडांचे चार बॉम्ब सोडीत. साहजिकच पुढच्याचा नेम चुकला की सगळ्यांचाच चुके!

यार्डात डबे जुळवले जात, इंजिने दुरुस्त होत. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरण्यापूर्वी जर्मनांची रसद तेथेच अडवावी, असा ब्रिटिश शास्त्रज्ञ-सल्लागार सॉली झुकरमन यांचा आग्रह होता. मात्र खड्डे बुजवून एखादा मार्ग लवकर चालू करता येई, त्यामुळे त्याच यार्डावर पुनःपुन्हा जावे लागे. पुलांचा पक्ष घेणारेही होते, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे अधिक सबळ होते. यार्डाभोवती फ्रेंच वस्ती असे, म्हणून चर्चिल या योजनेबाबत अस्वस्थ होते.