सेंट्रल लाइनचा संसर्ग आणि ‘असे जगभर होते’ हे उत्तर

प्रश्न : माझे वडील, वय ६७, मधुमेही. आतड्याला छिद्र पडल्याने त्यांना नागपुरातील एका खासगी रुग्णालयात भरती केले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्या वेळी मानेतून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली, औषधे देण्याची नळी) टाकली होती. सातव्या दिवसापासून ते तोंडाने खाऊ लागले, गोळ्याही घेऊ लागले, पण लाइन तशीच होती. नवव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला हा जंतू निघाला आणि बाराव्या दिवशी लाइन काढली. पुढे १९ दिवस आयसीयू आणि डायलिसिस. आता ते घरी आहेत, पण मूत्रपिंडे पूर्वीसारखी नाहीत. बिल ९ लाख ४० हजार झाले, त्यातले ५ लाख विम्यातून मिळाले. आमच्या तक्रारीवर रुग्णालयाने दोन ओळींत कळवले की असा संसर्ग जगभरातील आयसीयूंमध्ये होतो आणि संमतिपत्रावर आमची सही आहे. फाइल मागितली, तर फक्त डिस्चार्ज कार्ड दिले. याला चौदा महिने झाले. पोलिसांत जावे की ग्राहक आयोगात? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : आपल्या पत्रासोबत रुग्णालयाच्या उत्तराची प्रत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘असे जगभर होते’ हे विधान खोटे नाही. पण त्याच्या आधारे रुग्णालय सुटते असे मानण्याचे कारण नाही, आणि केवळ संसर्ग झाला म्हणून आपला दावा सिद्ध होतो असेही नाही.

या संसर्गाची मोजणी ‘लाइन-दिवसां’वर होते, एका रुग्णाच्या शरीरात एक लाइन एक दिवस राहिली की तो एक लाइन-दिवस. २०१० ते २०१५ या काळात ५० देशांतील ७०३ आयसीयूंच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दर हजार लाइन-दिवसांमागे ४.१ संसर्ग आढळले, तर त्याच प्रकारच्या अमेरिकी आयसीयूंमध्ये तो आकडा ०.८ होता. भारतातील ५४ रुग्णालयांच्या २०० आयसीयूंतील सात वर्षांच्या नोंदींत तो ८.८३ निघाला. रुग्णालयाचे वकील हेच आकडे आयोगापुढे ठेवतील आणि म्हणतील की बघा, सगळीकडेच होते. त्यावर आपले म्हणणे असे असावे की एकच नळी, एकच जंतू आणि एकाच प्रकारचा आजारी माणूस असताना एका ठिकाणी पाचपट संसर्ग होत असेल, तर फरक दैवाचा नसून हात धुण्याचा आणि ड्रेसिंगचा असण्याची शक्यता अधिक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी नेमाने केल्या: हात धुणे, लाइन टाकताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणे, शक्यतो मांडीतून लाइन न टाकणे आणि गरज संपताच ती काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्यक दर २.७ वरून शून्यावर आला. ऑक्टोबर २००८ पासून तर तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने भरतीनंतर झालेल्या अशा संसर्गाचे वाढीव पैसे रुग्णालयाला देणे थांबवले. हे अमेरिकेचे नियम आहेत आणि नागपूरच्या आयोगावर ते बंधनकारक नाहीत. परंतु ‘टाळता येत नाही’ या बचावाला उत्तर म्हणून ते उपयोगी पडतात.

भारतीय कायद्यात मात्र अपाय झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे समीकरण नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या विषयातील साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली की नाही, एवढेच पाहायचे. त्याच वेळी सविता गर्ग खटल्यात (२००४) असेही ठरले आहे की रुग्णाने प्रथमदर्शनी बाजू मांडली, की योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, कारण कागद त्याच्याच कपाटात असतात. संमतिपत्राबद्दल फार लिहीत नाही. सही धोक्याला दिलेली असते, हयगयीला नव्हे.

आता आपल्या प्रकरणातील सर्वांत कच्चा दुवा स्पष्ट सांगतो, कारण तो विरुद्ध पक्षाकडून ऐकण्यापेक्षा आधी आपल्याला माहीत असलेला बरा. वडिलांच्या आतड्याला छिद्र होते, आणि क्लेबसिएला हा आतड्यात राहणारा जंतू आहे. तो लाइनमधून नव्हे, पोटातून रक्तात गेला, असे रुग्णालय म्हणेल, आणि ते म्हणणे वरवरचे नाही. दुसऱ्या जागेच्या संसर्गातून रक्तात आलेला जंतू लाइनच्या खात्यात धरतच नाहीत. म्हणून तीन कागद निर्णायक ठरतील. काढलेल्या लाइनच्या टोकाचे कल्चर केले होते काय? लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेतले असल्यास लाइनच्या नमुन्यात जंतू किमान दोन तास आधी वाढला काय? आणि पोटाच्या ड्रेनच्या (शस्त्रक्रियेनंतर आतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) द्रवात कोणता जंतू होता, असल्यास तो कोणत्या औषधांना दाद देत होता? रक्तातील आणि ड्रेनमधील जंतूंचे औषध-संवेदनशीलतेचे तक्ते जुळले नाहीत, तर ‘पोटातून आला’ हा बचाव पुष्कळ ढिला होतो. ते जुळले, तर दावा मागे घ्यावा लागणार नाही, परंतु नुकसानभरपाईची अपेक्षा कमी ठेवावी लागेल.

आपली भक्कम बाजू सातव्या ते बाराव्या दिवसांत आहे. माणूस तोंडाने खात होता आणि गोळ्या घेत होता, तर मानेतील लाइन कशासाठी ठेवली होती? लाइनची गरज रोज तपासून तशी नोंद करणे ही मान्य पद्धत आहे. ती नोंद फाइलमध्ये नसेल, किंवा पाच दिवस एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत ‘चालू ठेवा’ एवढेच लिहिलेले असेल, तर आयोगाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. ताप आल्यावर आणखी तीन दिवस ती का ठेवली, हा प्रश्न वेगळा आहे आणि तोही विचारायचा आहे.

आपण लिहिता की आठव्या दिवशी वडिलांना वाटीतून मुगाच्या डाळीचे पाणी चमच्याने पाजताना आपण भावाला पाठवायला फोटो काढला, आणि त्यात मानेवरच्या ड्रेसिंगची खालची कड सुटून आतला गॉझ तपकिरी झालेला दिसतो. ड्रेसिंगवर पेनाने लिहिलेली तारीख पाच दिवसांपूर्वीची आहे. येथे एक सावधगिरी सांगतो. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांपर्यंत ठेवता येते, त्यामुळे केवळ पाच दिवस झाले यात चूक नाही. पण गॉझ असेल तर ते दोन दिवसांनी, आणि ड्रेसिंग कोणतेही असो, ते सैल, ओले किंवा मळलेले दिसताच बदलावे लागते. तेव्हा युक्तिवाद तारखेवर नको, सुटलेल्या कडेवर आणि गॉझवर हवा. फार्मसीचे तपशीलवार बिलही जपून ठेवा. किती ड्रेसिंग आणि किती निर्जंतुक हातमोजे बिलात लावले आणि सिस्टरच्या नोंदींत किती वापरले दिसतात, हा ताळा बहुतेक वेळा कोणी मांडत नाही, आणि कधी कधी सगळे प्रकरण त्यावरच फिरते.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि डॉक्टरविरुद्ध कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. आपल्या हाती आज जे आहे ते त्या पातळीचे नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी करते, पण भरपाई देत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाच आपला मार्ग आहे. (डॉक्टर या कायद्याखाली येतात, आम्ही वकील मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार येत नाही, हे आपल्याला सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते.) विम्याने ५ लाख दिले म्हणून आपण ग्राहक उरत नाही, अशी शंका कोणी घातली असेल तर ती सोडून द्या, १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ती मिटवली आहे. उपचारासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार नागपूर जिल्हा आयोगातच चालेल आणि शुल्क २०० रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. उशीर माफ होऊ शकतो, परंतु त्यावर भिस्त ठेवू नका. हातातले दहा महिने तज्ज्ञ शोधण्यातच सरतात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, पण पोटातून की लाइनमधून हा वाद त्याशिवाय सुटणार नाही. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागात एकमेकांना रोज भेटणारे डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देताना संकोचतात, म्हणून नागपूरबाहेरचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ पाहावा. आयोगही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मत मागवू शकतो.

पहिले काम फाइलचे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात आणि भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. अर्ज आपल्या नव्हे, वडिलांच्या सहीने करा, आणि ‘संपूर्ण फाइल’ एवढेच न लिहिता सिस्टरच्या रोजच्या नोंदी, लाइन टाकतानाची चेकलिस्ट, लाइनच्या किटचे फाइलमध्ये चिकटवलेले लेबल, सर्व कल्चर अहवाल आणि ड्रेनचा अहवाल ही नावे घालून मागा. अर्ज हाती देऊन पोच घ्या, एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. ७२ तासांत कागद आले नाहीत, तर तेही तक्रारीतले एक कारण होते, आणि आयोग ती फाइल हजर करण्याचा आदेश देऊ शकतो.

आणि तो मोबाइल विकू किंवा बदलू नका. भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली प्रत दबलेली असते आणि तिच्यातली वेळेची माहिती निघून गेलेली असते. मूळ फोटो ज्या मोबाइलवर काढला त्याच मोबाइलवर, न कापता, जसाच्या तसा राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र आपल्याला त्याच्याच आधारे द्यावे लागेल.