स्वयंसेवकांनी नदीकाठची उपेक्षित जागा ऐतिहासिक उद्यान म्हणून उभी केल्याचे उदाहरण आहे का?

आहे. मात्र आपले मंडळ नदीकाठच्या जुन्या घाटाच्या जागेवर वृक्षारोपणाने सुरुवात करणार असल्याचे आपण लिहिले आहे, ते तूर्त थांबवावे असे मला वाटते. मी काही वर्षे अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहरात राहतो. येथील फॉल्स पार्क पाहूनच हे सांगत आहे.

रीडी नदीच्या ज्या धबधब्याकाठी हे शहर वसले, तेथे पुढे कापडगिरण्या आल्या. गिरणीत ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदीचाही तोच, असे येथील जुनी माणसे सांगतात. १९६० मध्ये तर धबधब्यावरूनच कॅम्परडाउन नावाचा चौपदरी पूल गेला आणि भर शहरातला धबधबा शहरालाच दिसेनासा झाला.

१९६७ मध्ये कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लब या बागप्रेमींच्या मंडळाने, शहर प्रशासन आणि फर्मन विद्यापीठ यांना सोबत घेऊन, येथील २६ एकर जागा सोडवण्याचे काम हाती घेतले. लोक त्यांच्या फुलझाडांचे कौतुक करतात. मला मोठे वाटते ते त्यांनी धबधबा हेच उद्यानाचे दैवत मानले हे. डोक्यावरचा पूल पाडायला २००२ साल उजाडले. ते काम अर्थातच वर्गणीतून होण्यासारखे नव्हते, त्याला सरकारी पैसाच लागला. पण मधली पस्तीस वर्षे जागा राखली गेली नसती, तर पाडून उपयोग काय होता? २००४ मध्ये तेथे पादचाऱ्यांसाठी लिबर्टी ब्रिज हा झुलता पूल झाला. तो धबधब्याभोवती कमानीसारखा वळतो आणि त्याला पोलादी तारदोराचा आधार एकाच, पलीकडच्या बाजूने आहे, त्यामुळे कठड्याशी उभे राहिले की आपण आणि पाणी यांच्यामध्ये एक तारही येत नाही. खाली जुन्या गिरणीच्या दगडी भिंतींचे अवशेष मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

तेव्हा आपणही आधी सातबारा काढून जागा कोणाची ते पाहावे, आणि जलसंपदा विभागाकडून निळी व लाल पूररेषा (पुराचे पाणी कोठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषा, त्यांपैकी निळी नदीला जवळची) समजून घ्यावी. जागा निळ्या रेषेच्या आत असेल, तर पक्क्या बांधकामाचा विचार सोडून द्यावा. चार दिवस पाण्याखाली राहूनही तग धरेल असे गवत आणि घाटाच्या मूळ पायऱ्या एवढ्यावरच पहिली दोन वर्षे काम करावे.