घरकुल मंजूर झालं, पण सातबाऱ्यावर ३४ नावं

या वेळी आलेल्या पत्रांत घराबद्दलची पत्रंच जास्त होती. त्यातली तीन घेतली आहेत, नावं आणि वाड्या वगळून. मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी ग्रामसेवक आणि मग ग्रामविकास अधिकारी म्हणून नोकरी केली. वकील नाही. तेव्हा उत्तरं ग्रामपंचायतीच्या टेबलामागून दिसणारी आहेत, असं समजून वाचा.

प्रश्न : काका, आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घर कुडाचं आहे, यजमानांच्या पणजोबांनी बांधलेलं. गेल्या पावसात मागची भिंत बसली, तिथं ताडपत्री लावली आहे. प्रधानमंत्री आवासच्या यादीत यजमानांचं नाव आलं, मंजुरीही आली. आता ग्रामपंचायत म्हणते, जागेचा कागद आणा. सातबाऱ्यावर ३४ नावं आहेत. निम्मी माणसं नालासोपारा, डोंबिवलीकडे, काही वारलेली. चुलतसासऱ्यांचे दोन मुलगे सहीच देत नाहीत. म्हणतात, आज घराला सही दिली की उद्या कलमांची झाडंही तुमचीच म्हणाल. मुदतीत घर झालं नाही तर पैसे परत जातील असं सगळे घाबरवतात. काय करू?

उत्तर : ताई, भावकीचं नंतर बघू. आधी ग्रामपंचायतीत जा आणि तुमच्या घराचा नमुना ८ चा उतारा मागा. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते बघा. घरकुलाला जागेचा पुरावा म्हणून सातबारा, मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीतला उतारा चालतो. नमुना ८ हा कराचा कागद, त्यानं मालकी सिद्ध होत नाही, हे तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच आणि ते बरोबर आहे. पण तुम्ही नवी जागा मागत नाही आहात. पडकं घर काढून त्याच जोत्यावर पक्कं बांधणार आहात. अर्जात तसं स्पष्ट लिहा : ‘जुन्या घराच्या जागी, जुन्या जोत्यावर’. नाहीतर समोरचा माणूस नव्या जागेचे कागद मागत बसतो. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला जोडून वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज त्याच दिवशी देऊन या. पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून.

तुमच्यासारखी पत्रं कोकणातूनच का येतात तेही सांगतो. देशावर घरं गावठाणात असतात आणि शेतं बाहेर. आपल्याकडे घर ज्याच्या त्याच्या ठिकाणात, वाडी-वाडीला विखुरलेलं. कित्येक गावांना कागदावर गावठाण म्हणून काही नाहीच. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं देतात, पण जिथं गावठाणच नाही तिथं मोजणार काय? घर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर उभं आणि तो सातबारा भावकीचा. माझ्या टेबलावर जी घरकुलं अडली, त्यातली बहुतेक पैशापेक्षा सह्यांसाठी अडली.

आता त्या सह्यांकडे येऊ. लोक घाईत हक्कसोडपत्र पुढे करतात आणि तिथंच बिनसतं. हक्कसोड म्हणजे समोरच्यानं त्या जमिनीतला आपला सगळा हिस्सा सोडायचा. तुमचे दीर कशाला सोडतील? मीही सोडला नसता. तुम्हाला हवं आहे ते साधं संमतीपत्र, आणि ते जेवढं नेमकं तेवढी सही लवकर मिळते. मजकूर साधारण असा ठेवा :

‘गट नंबर अमुक, यातील जुन्या घराची जागा, पूर्व-पश्चिम २५ फूट, दक्षिणोत्तर २० फूट, पूर्वेस गडगा, पश्चिमेस पाखाडी, उत्तरेस बाव, दक्षिणेस सामाईक खळे, एवढ्याच जागेत अमुक यांनी घरकुल बांधण्यास आमची संमती आहे. पुढे वाटप होईल तेव्हा ही जागा त्यांच्या हिश्शात धरावी. उरलेली जमीन, कलमे व त्यांचे उत्पन्न यांवरील आमचा हक्क कायम आहे.’

शेवटचं वाक्य खास त्या दोघांसाठी आहे. त्यांच्या कलमांची भीती कागदावरच मिटवा, तोंडानं कितीही सांगितलंत तरी ती जात नाही. कागद नोटरीसमोर करा आणि प्रत्येकाला एक झेरॉक्स द्या.

मुंबईकरांना फोनवर विचारू नका. फोनवर ‘बघू’ एवढंच उत्तर येतं. गणपतीत सगळे येतील तेव्हा विचारा. पहिल्या दिवशी नको, आणि परतीच्या गाडीच्या दिवशी तर मुळीच नको. गौरी जेवल्या की त्या दुपारी माणसं जरा निवांत असतात. त्याआधी जागेच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून सुतळी ताणून ठेवा. ५०० चौरस फूट ऐकायला खूप वाटतं. सुतळीच्या आत उभं राहिलं की माणूस आपणच म्हणतो, एवढंच होय?

जे वारले आहेत त्यांची वारस नोंद करावीच लागेल. महसूल खात्याच्या ई-हक्क संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज होतो. तलाठी नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, प्रमाणित करतो. ३४ ची ५० नावं होतील. होऊ देत. मेलेल्या माणसाच्या नावापेक्षा जिवंत माणसाचं नाव बरं, त्याला निदान भेटता येतं.

एवढं करूनही दोघे अडलेच तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. मात्र कोणी मालकीचाच वाद काढला तर प्रकरण दिवाणी कोर्टात जातं आणि तोवर तुमची नातवंडं शाळेत जायला लागतात. त्यापेक्षा दुसरी वाट बघा. स्वतःच्या नावावर जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्याला जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. पूर्वी ५०,००० रुपये होती, २०२४ मध्ये ती १ लाखापर्यंत झाली. आणि तुकडेबंदीमुळे एवढासा तुकडा खरेदीच होत नाही असं कोणी म्हणालं, तर मार्च २०२४ चे नियम दाखवा. ग्रामीण घरकुलाच्या प्रत्येक लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळू शकते. अडचण दराची आहे. रस्त्याकडेच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांनी गुंठ्यांवर घेऊन ठेवल्यात, त्यांच्या भावात लाखाला काय येणार? वाडीतल्याच कोणाकडून, रस्त्यापासून आत मिळालं तर बघा.

पैशाचं थोडक्यात. केंद्राच्या योजनेचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. हे पैसे हप्त्यानं आणि कामाचे फोटो चढल्यावर येतात. आपल्याकडे याचं गणित पावसाशी घालावं लागतं. चौथऱ्याचा हप्ता मार्चअखेर आला आणि तुम्ही भिंती उठवल्यात, तर मे संपेपर्यंत छप्पर चढलं पाहिजे. चढणार नसेल तर चौथऱ्यावर थांबा, भिंती दिवाळीनंतर उठवा. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर व्हावं असा नियम आहे, पण उशिराचं कारण पाऊस असेल तर तसा लेखी अर्ज द्या, गप्प बसू नका. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, भाव विचारताना उतराई कुठं ते आधी विचारा. ट्रक मोठ्या रस्त्यावर चिरे टाकून जातो आणि पुढं पाखाडीच्या पायवाटेवरून डोक्यानं वाहून न्यायची मजुरी कोणी धरलेली नसते.

आणि स्लॅबचा हट्ट नको. शेजाऱ्यानं घातला म्हणून कर्ज काढून स्लॅब घालतात, दोन पावसाळ्यांत गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड मारतात. आपल्याकडच्या कुठल्याही वाडीत बघा, स्लॅबवर शेड आहेच. म्हणजे छपराचे पैसे दोनदा. घरकुलाला कौलं चालतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडं पत्रे शेतांत जाऊन पडले होते. कौलंही उडाली, पण त्यातली शाबूत होती ती वेचून पुन्हा चढवता आली. पत्राच घालणार असाल तर हूक जवळजवळ घ्या आणि कडेचा वासा भिंतीत बांधून घ्या.

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातले मच्छीमार. छोटी इंजिनाची होडी आहे म्हणून घरकुलाच्या मागच्या पाहणीत आमचं नाव कापलं. घर समुद्राला लागून आहे, त्यामुळे सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निर्बंधांच्या पट्ट्यात, बांधता येणार नाही असंही सांगतात. मग आम्ही जायचं कुठं?

उत्तर : होडीचं कारण आता राहिलेलं नाही. २०१६ च्या निकषांत मासेमारीची होडी असलेलं कुटुंब बाद होत असे. समुद्रकिनाऱ्यावर तो निकष म्हणजे शेतकऱ्याला नांगर आहे म्हणून बाद करण्यासारखा होता. २०२४ मध्ये होडी, दुचाकी आणि फ्रीज ही कारणं काढली आणि घरातल्या कमावत्याच्या महिन्याच्या मिळकतीची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. तीनचाकी-चारचाकी असेल किंवा किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार वा जास्त असेल तर मात्र अजूनही बाद. घरकुलासाठीच्या आवास प्लस या नव्या पाहणीत तुमचं नाव चढलंय का ते ग्रामपंचायतीत बघा, नसेल तर ग्रामसभेत तोंडी न बोलता अर्ज द्या आणि तो इतिवृत्तात घ्यायला लावा.

सीआरझेडचं म्हणाल तर किनाऱ्याला लागून असलेल्या ना-विकास क्षेत्रात साधारणपणे नवं घर नाही, पण आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. जोतं आणि चटईक्षेत्र होतं तेवढंच ठेवायचं. सगळं ‘अधिकृत’ या शब्दावर येतं. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधीच्या घरपट्टीच्या पावत्या किंवा आकारणीचा उतारा मिळाला तर तो सोन्यासारखा जपा. घरात नसेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवह्यांची प्रमाणित नक्कल मागा. कपाटात वाळवीनं खाण्याआधी मागा.

प्रश्न : माझं घर लांजा तालुक्यात आहे, आम्ही विक्रोळीला. वर्षातले अकरा महिने कुलूप. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई भाड्यानं मागत आहेत. त्यांना जवळपास कुठं खोलीच मिळत नाही. पण भावकी म्हणते, देऊ नकोस, कुळ लागेल. खरं आहे का?

उत्तर : नाही. कुळ लागतं ते दुसऱ्याची शेतजमीन कसल्यानं. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली, त्यात आपल्याकडच्या अनेकांच्या जमिनी गेल्या आणि अनेकांना मिळाल्या. त्याची धास्ती तिसऱ्या पिढीतही घराघरांत आहे. पण राहत्या घराच्या भाडेकरूला कुळकायद्यानं कुळ होता येत नाही.

तुमचं पत्र मला फार महत्त्वाचं वाटलं. घरकुलांच्या याद्या निघतात, पण नर्स, शिक्षक, अंगणवाडीची नवी सेविका, बँकेतला कारकून यांच्यासाठी कोणतीच यादी नसते. ते तालुक्याच्या गावाहून एसटीनं ये-जा करतात आणि संध्याकाळची शेवटची गाडी गाठायला लवकर निघतात. रात्री वाडीत कोणाला साप चावला तर नर्सबाई तिथं नसतात. आणि त्याच वाडीत पाच-सहा घरांना कुलूप असतं. बंद घराला वाळवी लागते, कौल सरकलं तरी कोणी बघत नाही, पहिला वासा कुजला की चार वर्षांत पाखं खाली येतं. राहतं घर टिकतं.

तेव्हा द्या, पण कागद करून द्या. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणी केलेला. ती आता ऑनलाइन होते, त्यासाठी रजा टाकून यायला नको. करारात फक्त घर, पडवी आणि पुढचं अंगण लिहा. मळ्याची जमीन, काजू आणि आंबे तुमच्याकडेच राहतील असं वेगळं वाक्य घाला. भाडं बँकेतून घ्या. भाताच्या किंवा आंब्याच्या पेटीच्या रूपात कधीही घेऊ नका, भावकीच्या भीतीला तिथून खरंच तोंड फुटू शकतं.

गणपतीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणारच. मूर्ती घरात बसते, मग भाडेकरूचं काय? देवखोली आणि माजघर स्वतःकडे ठेवून बाकीचं घर द्यायचं, किंवा त्या दिवसांत घर तुम्हाला मोकळं मिळेल असं करारात लिहायचं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं सोडून द्यायचं. नर्सबाईंशी आधीच बोला, बहुतेक त्यांनाही स्वतःच्या गावी जायचं असतं. विजेचं बिल त्यांनी भरावं, घरपट्टी तुम्ही. पावसाआधी कौलं चाळायचा खर्च तुमचा, पण माणूस लावून ते काम करून घ्यायची जबाबदारी त्यांच्यावर टाका आणि मजुरी भाड्यातून वळती करू द्या. नाहीतर तुम्ही मे महिन्यात आरक्षणाच्या रांगेत असाल आणि कौलं तशीच राहतील.