सांगलीत प्लॉट घेताना रोजच्या गरजा घराजवळ आहेत का, हे कसं पाहावं?

तुम्ही विचारलंय, सांगलीत प्लॉट बघताय, तर ते 'पंधरा मिनिटांचं शहर', म्हणजे रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत पायी किंवा सायकलने गाठता येणं, आपल्याकडे लागू पडतं का. पडतं. पण किराणा-दुधावरून जोखू नका. दुकानं आपोआप येतात. शाळा, मैदान आणि आरपार जाणारी गल्ली यांना आधी जागा सोडावी लागते.

मी सांगलीच्या जुन्या गावभागातला. आई दळणाचा डबा गिरणीत ठेवून गणपतीला जायची, येताना कोथिंबीर घ्यायची आणि पीठ गरम असतानाच घरात आणायची. सगळं मिळून अर्धा तास. 2019 च्या पुरात घर गेलं पाण्यात, मग आम्ही उपनगरात गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले तुकडे असतात तिथे, प्लॉट घेतला.

दोन वर्षांत तिथे तीन किराणा दुकानं, गिरणी, सलून सगळं आलं. मैदान मात्र नाही. पोरं ज्या रिकाम्या प्लॉटवर खेळायची तिथे आता बंगला आहे. आणि आमची गल्ली पुढे भिंतीला जाऊन थांबते. भिंतीपलीकडच्या दवाखान्याची पाटी आमच्या गच्चीवरून वाचता येते, पण आईला तिथे पायी जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेही मोठ्या रस्त्याच्या कडेने, फुटपाथ नसताना. त्यामुळे ती एकटी जातच नाही. मी कामावरून येईपर्यंत थांबते.

असं का होतं? शेताचे तुकडे रेखांकन (प्लॉट, रस्ते, मोकळी जागा दाखवणारा लेआउट) मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. प्रत्येक मालकाने रस्ता आपल्या बांधापर्यंत काढला, पलीकडच्या रस्त्याला जोडायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित करून घेता येतात, पण न सोडलेलं मैदान त्यातून परत मिळत नाही.

पॅरिसच्या सोर्बोनमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी 2016 मध्ये पंधरा मिनिटांची कल्पना मांडली. त्याच्याही आधी, 1929 मध्ये, अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी वस्तीचा नमुना सांगितला होता: शाळा मध्यभागी, दुकानं कडेच्या चौकांत, मोठी वाहतूक बाहेरून. लहान मुलाला शाळेत जाताना हमरस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यातला जीव. मला तो फार पटतो.

आता तुमच्या कामाचं. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. एक एकरापेक्षा मोठ्या मंजूर लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा असायला हवी. ती कुठे आहे ते प्रत्यक्ष उभं राहून पाहा, नकाशात हिरवा रंग असून चालत नाही. जवळ शाळेचं आरक्षण, म्हणजे शाळेसाठी राखून ठेवलेली जागा, दाखवलं असेल तर आराखडा कोणत्या साली मंजूर झाला ते विचारा. 1966 च्या नगररचना कायद्यात 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषाही तपासा, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

आमचं म्हणाल, तर भिंतीत चार फुटांची वाट मिळावी म्हणून गल्लीतली चौदा घरं मिळून पलीकडच्या सोसायटीशी बोलतोय. दोनदा नाही म्हणाले. दिवाळीनंतर परत जाणार आहोत, या वेळी आईलाही घेऊन.