न विचारता घेतलेला प्रवेश आणि टेकडीचा इतिहास

स. न. वि. वि.

कोथरूडहून आलेले तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. मुलीला बारावीला विज्ञान शाखेत ८४ टक्के मिळाले, तिला पर्यावरणाचा इतिहास शिकायचा आहे, तुम्ही तिला न सांगता तिच्या नावे अभियांत्रिकीचा प्रवेश पक्का करून फी भरली आणि गेले पाच आठवडे ती तुमच्याशी बोललेली नाही. रविवारी टेकडीवर जाऊन झाडे लावण्यासाठी इतिहासाची पदवी कशाला हवी, आणि तिची समजूत कशी काढावी, असे तुम्ही विचारता.

तिच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचे स्वतःचे एकच वाक्य आहे, ‘मला विचारले तरी असते’, आणि ते तुम्ही तिच्या हट्टीपणाचा दाखला म्हणून लिहिले आहे, याची मात्र मला फार काळजी वाटते. या वाक्यात हट्ट कोठे आहे? घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्या पाठीमागे घेतला, याचे दुःख त्यात आहे. पुढे तुम्ही लिहिता, की तिने ऐकले नाही तर शिक्षणाचा खर्च बंद करू. अठरा वर्षांच्या मुलीला असे बजावल्यावर ती एक तर मुकाट्याने वर्गात जाऊन बसेल किंवा घराबाहेर पडेल. मुकाट्याने बसलेली मुले दोन वर्षांनी, बरेच विषय नापास होऊन, सल्ल्यासाठी माझ्यासमोर येतात. त्यांच्यातील कोणालाही अभियांत्रिकी वाईट आहे असे म्हणायचे नसते, आपले म्हणणे कोणी ऐकले नाही एवढेच सांगायचे असते. तुम्ही निम्मे आयुष्य भाड्याच्या घरात काढले आणि तिला ते भोगावे लागू नये असे तुम्हाला वाटते, हे मी समजू शकतो. परंतु ही भीती तुम्ही मला लिहिली, तिला कधी सांगितलेली दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एक गैरसमज आहे आणि तो तुमच्या मुलीचाही असावा अशी मला शंका आहे. टेकडी उघडी दिसते, म्हणजे तिथले जंगल कोणीतरी तोडले असणार, आणि झाडे लावली की ते परत येईल, असे आपण सगळेच धरून चालतो. पुण्याच्या परिसरातील बरीच माळराने मुळातच गवताची आहेत. इंग्रजी राजवटीच्या महसुली हिशेबात अशा जमिनीला ‘पडीक’ हे नाव मिळाले, ते आपण तसेच पुढे चालवले, आणि त्यापोटी टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्प या झाडाची दाट लागवड झाली. २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात दोघा संशोधकांनी जुने मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतील रचना चाळून त्यांतील रानवनस्पतींचे उल्लेख वेचले. एकूण ४४ जाती सापडल्या. त्यांपैकी २७ उघड्या, विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या आणि दाट जंगलाच्या केवळ तीन. म्हणजे त्यातील सर्वांत जुन्या साहित्याच्या काळापासून, किमान साडेसातशे वर्षे तरी, हे माळ असेच असावेत. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतील टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, आणि तिथे बांधकाम किती चालू द्यावे यावरचा वाद अजून मिटलेला नाही. ‘इथे झाडेच नाहीत, मग राखायचे काय?’ असे त्या वादात कोणी विचारले, तर जुनी पोथी वाचता येणारा आणि हिवरासारखे माळावरचे काटेरी झाड ओळखता येणारा माणूस उत्तर देऊ शकतो. तो नसेल, तर टेकडीच्या बाजूने बोलणारी मंडळीही रोपे घेऊन चुकीच्या जागी खड्डे खणत राहतात.

पुण्यातल्या आंबील ओढ्याचेही असेच आहे, आणि तिथे तर माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. कात्रजकडून येणारा हा ओढा एकेकाळी आजच्या पेठांच्या भागातून वाहत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी त्याचा मार्ग वळवण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले गेले. त्या तळ्याची पुढे सारसबाग झाली. तिथल्या गणपतीला मात्र लोक अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांतील माणसे दगावली. दोन वर्षांनी दांडेकर पुलाजवळ त्याचा प्रवाह सरळ करण्यासाठी घरे पाडायला सुरुवात झाली, तेव्हा ओढ्याची खरी जागा कोणती हा वाद उभा राहिला. अशा वादात पेशवेकालीन कागद, १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि जुने नकाशे हे पुरावे असतात, आणि कोणाचे घर राहील व कोणाचे जाईल याच्याशी त्यांचा थेट संबंध असतो. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडीतील कागद कोट्यवधींनी आहेत. ते वाचू शकणारी माणसे थोडी, आणि त्यांच्यापैकी ज्यांना पाण्याचा व मातीचा अभ्यास आहे अशी तर फारच थोडी.

पुढे स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर एवढेच, की भारतीय वनसेवेसाठी विज्ञानातील ठरावीक विषय, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी कशातली तरी पदवी लागते, इतिहासाची चालत नाही. तुमच्या मुलीला हे माहीत नसावे, आणि ते तिला कळायला हवे.

त्यामुळे माझा सल्ला तुम्हा दोघांनाही अनपेक्षित वाटेल. तिने अभियांत्रिकीला जाऊ नये. पण लगेच इतिहासाच्या पदवीलाही जाऊ नये. तिने वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, त्याच काळात मोडी शिकावी, नकाशांचे संगणकीय काम शिकावे, आणि मग इतिहास, पुरातत्त्व किंवा पर्यावरण यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. पुरातत्त्वासाठी तर डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे. तुमचे मन राखायला मी हा मधला मार्ग काढलेला नाही. कागदावरचे झाडाचे नाव वाचून ते झाड डोळ्यांसमोर उभे राहिले नाही, तर या विषयात पुढे जाता येत नाही, असे माझे मत आहे. या वाटेवर पगार उशिरा सुरू होतो आणि पहिली काही वर्षे तो बेताचाच असतो, हेही मी लपवत नाही. तरीही तिने विचार करून इतिहासाचीच पदवी निवडली, तर तो निर्णय तिचा असेल आणि तुम्ही तो मान्य करावा.

तिची समजूत कशी काढावी, याचे उत्तर मी देणार नाही. आधी तिची क्षमा मागा, आणि मग भाड्याच्या घरांची ती हकीकत मला लिहिली तशी तिला सांगा. हे पत्र तिला वाचायला द्या आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. तिला काय विचारायचे आहे ते मला तिच्याच शब्दांत हवे आहे. घेतलेला प्रवेश रद्द करून फी परत मिळवण्याची मुदत प्रवेशाच्या वेळापत्रकात दिलेली असते. ती तारीख आज रात्रीच दोघांनी एकत्र बसून पाहावी.